यावेळी आदी उपस्थित होते

आमच्या भागातल्या विलास वार्ताहरानं भगवान आप्पा शेडग्यांना फसवलं. मलाही फसवलं, पण मी धंदेवाला माणूस, माझं मी कसंही वसूल करीन. आप्पांना वसूल करता येत नाही. त्यांना फक्त वजन करता येतं. म्हणून त्यांच्या वतीनं मी लिहायला बसलोय.

आधी माझी ओळख देतो, म्हणजे मी कुणाच्या बाजूनं बोलतो असा संशय नको. मी मंडपवाला. रहिमतपूरपासून कुंडलपर्यंत एखाद्या सभेला तुम्ही बसला असाल, तर तुमच्या बुडाखालची खुर्ची बहुतेक माझी होती. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावर वाहून. आज मंडप माझा, टेम्पो माझे, आणि घासाघिशीत मला हरवणारा माणूस कराडच्या अलीकडं-पलीकडं नाही असा माझा समज होता. विलासनं तो काढला. स्वभावाचं म्हणाल, तर बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर पातेलं ठेवलं तर गॅस वाचेल.

आप्पा माझे शेजारी. भिंतीला भिंत. उभी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग मोकळी होऊन पुन्हा चढते. दोन्हींतला फरक म्हणजे माल. त्यातही पाचट असतं, म्हणजे उसाचा वाळलेला पाला; ते वजा करायचं. आणि वजनात कुणी खोट केली तर आमच्याकडं म्हणतात, काटा मारला. आईवरून दिलेली शिवी माणूस एकवेळ विसरेल, पण ‘तू काटा मारतोस’ हे विसरणार नाही. आप्पांच्या काट्याबद्दल असं कधी कुणी बोललं नाही. शेतकरीही नाही आणि कारखानाही नाही.

रिटायर झाले, पण काटा काही अंगातून गेला नाही. ऊस हातात नाही म्हटल्यावर आप्पा बातम्या जोखायला लागले.

आमच्या तालुक्यात दोन गट. एक कालव्याच्या वरचा, एक कालव्याच्या खालचा. त्यामुळे एक वरचे साहेब आणि एक खालचे साहेब. नावं घेत नाही, दोघांच्याही सभेला मंडप माझाच असतो. पेपरही दोन. एक वरच्या साहेबांना शिंक आली तरी पहिल्या पानावर घेतो, दुसरा खालच्यांना. त्यांना आम्ही वरचा पेपर आणि खालचा पेपर म्हणतो. आप्पा रोज सकाळी बंडूच्या हॉटेलात दोन्ही पेपर मांडीवर घेऊन बसायचे आणि मोठ्यानं काटा करायचे.

“वरच्या पेपरात काय हाय? ‘साहेबांच्या विराट सभेला जनसागर उसळला, विरोधकांवर घणाघात.’ आता खालच्या पेपरात बगा. ‘सभेकडे जनतेची पाठ, रिकाम्या खुर्च्यांसमोर आगपाखड.’ एकच सबा, एकच मैदान. काटा मारला रं मारला, दोगांनी बी मारला!” मग चष्मा कपाळावर जायचा आणि माझ्याकडं नजर. “शिवा, खुर्च्या किती टाकल्या हुत्यास?”

“पाचशे.”

“भरल्या?”

“पुढच्या भरल्या. मागच्या न्हाईत. पोरं मोटारसायकलीवरच बसून ऐकत हुती.”

“झालं तर. ‘विराट’, पाचट. ‘जनसागर’, पाचट, वर पाणी मारलेलं. ‘जनतेची पाठ’, ह्यात माती. आन् घणाघात? गड्या, माणूस तोंडानं बोलला, ह्यानं घण कुठनं आणला? निव्वळ वजन: सबा झाली. साहेब बोलले.”

“आप्पा, च्या गार झाला,” बंडू म्हणायचा.

“हुंदे. बातमी तर कालचीच हाय.”

क्रियापदांवर आप्पांचा फार राग. वरच्या पेपरात वरचे साहेब ‘ठणकावतात’ आणि खालचे ‘बरळतात’. खालच्या पेपरात खालचे ‘खडसावतात’ आणि वरचे ‘गरळ ओकतात’. आप्पा वाचताना ही सगळी क्रियापदं पालटून ‘म्हणाले’ करायचे. वरच्यांनाही ‘म्हणाले’, खालच्यांनाही ‘म्हणाले’. एकदा बातमी होती की अमुक पुढाऱ्यानं तमुकाला ‘धोबीपछाड दिली’. ती वाचून आप्पा म्हणाले, “ह्या माणसाला मी वळखतो. त्याला खुर्चीतनं उठायला दोघं लागत्यात.”

फोटोचाही काटा व्हायचा. फोटो ट्रॉलीवर चढून काढलाय की खाली बसून, पुढून की मागून, ते बघायचे. वरून काढला की गर्दी दाट दिसते, मागून काढला की खुर्च्या मोकळ्या दिसतात. माझ्याच खुर्च्या एका पेपरात भरलेल्या आणि दुसऱ्यात ओस पडलेल्या मी कित्येकदा बघितल्यात. मला त्याचं काही नव्हतं. भाडं दोन्हीकडचं सारखंच येतं.

मजा अशी की आप्पा नेमके कुणाचे, हे गावाला कधी कळलं नाही. वरच्यांना वाटायचं हा म्हातारा खालचा आहे, कारण खालच्या साहेबांना ‘बरळले’ म्हटल्याबद्दल तो वरच्यांच्या सभेत विलासशी भांडला होता. खालच्यांना वाटायचं हा पक्का वरचा, कारण उलट भांडण त्यानं खालच्यांच्या सभेत केलं होतं. निवडणुकीला दोन्हीकडची माणसं त्यांच्या दारात चिठ्ठ्या द्यायला यायची आणि दोन्हीकडची जाताना एकमेकांत म्हणायची, हे मत काही आपलं नाही.

आणि आता तो विलास. दोन पेपर, दोन बाजू, पण आमच्या भागाची बातमी दोन्हीकडं एकटा विलासच पाठवायचा. वरच्या पेपरात स्वतःच्या नावानं, खालच्या पेपरात मेव्हण्याच्या. बातमी एकदाच लिहायची, मग एका प्रतीत ‘ठणकावले’च्या जागी ‘बरळले’ घालायचं, दुसऱ्या प्रतीत उलट. हे मला माहीत होतं, बंडूला माहीत होतं, मेव्हण्याला माहीत होतं की नाही शंका आहे. आप्पा त्याला तोंडावर म्हणायचे, “विलास, एकच ऊस दोन कारखान्याला घालतोस, तेवढं ठीक हाय. पर पाचट तरी येगळं लावत जा की रं.”

विलास हसायचा. तो माणूस वाईट हसत नाही, हेच त्याचं वाईट आहे.

मध्यंतरी मोबाइलवर बातम्या देणाऱ्यांचं पेव फुटलं. त्यातला एकजण लाल बोंडाचा माइक घेऊन बंडूच्या हॉटेलात आला आणि आप्पांच्या तोंडापुढं धरला. आप्पांना कुणीतरी ऐकतंय याचाच आनंद. ते दहा मिनिटं बोलले. म्हणाले, साहेब बोलतात एक, तुम्ही पेपरवाले लिहिता एक, साहेबांच्या बोलण्यात तुम्ही काटा मारता. दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर आप्पांचं तोंड आलं आणि खाली लाल पट्टीत अक्षरं: ‘साहेबांनी काटा मारला! ज्येष्ठ नागरिकाचा खळबळजनक आरोप’.

तासाभरात वरच्या साहेबांची चार माणसं दारात. मी भिंतीवरून डोकावलो. आप्पांची बायको हौसाकाकी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली.

“आप्पा हायत का घरात?” त्यातला जाडा गुरगुरला.

“हायत की. आंगूळ करत्यात,” काकी म्हणाली. “तुमी पेपरात येता न्हवं? तुमाला मी बगितलंय. त्या बसथांब्याच्या उद्घाटनाला डावीकडनं तिसरं.”

जाडा एकदम गुरगुरायचा थांबला. “व्हय काकी, तो मीच.”

“फोटूत बारीक दिसता वो तुमी. बसा, च्या टाकते.”

आप्पा पंचा गुंडाळून बाहेर आले तोवर चौघांच्या हातात कप होते आणि जाडा काकीला सांगत होता की फोटोग्राफरनं त्याचा अर्धा खांदा कापला. आप्पांनी खुलासा केला, चौघांनी ऐकला, आणि जाताना जाडा मला म्हणाला, “म्हातारा खालचाच हाय, पर काकी आपली हाय.”

एवढं सगळं मला समजण्यासारखं होतं. न समजणारी गोष्ट एकच. आप्पा झाडून सगळ्या कार्यक्रमांना जायचे. सभा तर झाल्याच. पण गटाराचा नारळ, बसथांब्याची फीत, स्मशानशेडचं लोकार्पण, कुणाच्या तरी भाच्याची कुठल्या तरी समितीवर निवड झाली म्हणून सत्कार, कुठंही आप्पा हजर. पायात चपला, डोक्याला टोपी, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कडेची खुर्ची. वरच्यांचा कार्यक्रम असो की खालच्यांचा. कराडला असला तर माझ्या टेम्पोतून यायचे, खुर्च्यांबरोबर. मी विचारलं तर म्हणायचे, “समक्ष बगितल्याबिगर काटा कसा करायचा?”

आणि कार्यक्रम संपला की न चुकता विलासला गाठून एकच गोष्ट सांगायची. “नावं कुणाची घालायची ती घाल बाबा. पर शेवटाला आदी घाल.”

आता ही आदीची भानगड पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. कुठल्याही कार्यक्रमाच्या बातमीखाली माणसांची मालगाडी असते. सभापती, उपसभापती, माजी सभापती, भावी सभापती, आणि डबे संपले की शेवटी, ‘आदी उपस्थित होते’. ज्यांची नावं मावली नाहीत ते सगळे त्या आदीत. मंडपवाला आदीत, चहा देणारा आदीत, टाळ्या वाजवणारे सगळे आदीत. आमच्याकडं पुढाऱ्याच्या भाषणात काय होतं हे कुणी वाचत नाही. आपलं नाव मालगाडीत आहे की आपण आदीत गेलो, एवढंच बघतात. आदीत गेलेला माणूस चार दिवस वार्ताहराशी बोलत नाही. आणि आप्पा एकटेच असे, की नाव नको म्हणायचे आणि आदी मागायचे. मी म्हटलं, म्हाताऱ्याची ही थट्टा असेल.

थट्टा नव्हती हे एकदा कळलं. खालच्या साहेबांची एक सभा वरच्या पेपरानं तीन ओळींत आटोपली. मालगाडी नाही, आदीही नाही. खालच्या पेपरात त्या दिवशी मोठी जाहिरात होती, त्यांनी त्या सभेची बातमी घेतलीच नव्हती. आप्पा लाल झाले. मला म्हणाले, “टेम्पो काढ.” वरच्या पेपराच्या कराडच्या ऑफिसात आम्ही गेलो. तिथं एक चष्मेवाला तरुण उपसंपादक होता. सभ्य होता बिचारा. खुर्ची दिली, पाणी दिलं.

“आजोबा, जागा नव्हती हो.”

“ह्या पानावर ‘झंझावाती’ किती येळा आलंय बगा. ‘झंझावाती’ काढा की, हुईल जागा.”

“मोठ्या बातमीत विशेषणं लागतात.”

“बातमी छाटली ते छाटली, त्याचं मला कायबी न्हाई. साहेबांचं भाषण छाटा. हारतुरं छाटा. पर आदी कशाला छाटलं? येवढासा शबुद. कुणाच्या पोटात दुखत हुता?”

तो तरुण हसून म्हणाला, “आजोबा, आदी म्हणजे काय कुणी माणूस आहे का?”

मला वाटलं आता आप्पा टेबल उलटवतील. माझं डोकं तर तापलंच होतं. आप्पांनी फक्त टोपी नीट केली आणि उठले. परतीच्या वाटेवर मी त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. आप्पा खिडकीतून उसाकडं बघत म्हणाले, “सोड रं. बरोबर इचारलं त्यानं.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारी मी शिडी मागायला आप्पांकडं गेलो. काकी सोप्यात बसलेली. मांडीवर पेपर, नाकावर आप्पांचा जुना चष्मा, बोट छापील ओळीवरून सरकत चाललेलं. काकी उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरं शिकली होती. जोडाक्षर आलं की तिथं ठेचकाळायची, मग मागं येऊन पुन्हा चालायची.

“शिवा, बस रं. येवढं सापडू दे.” बोट मालगाडीवरून एकेक डबा मागं टाकत शेवटाला आलं. “आ… दी. हां! हे बग. कालच्या कुंडलच्या सत्काराला हुते.”

“कोण हुतं काकी?”

“कोण म्हंजी? आवं, हेच की, तुमचं आप्पा.” तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मला काहीच कसं माहीत नाही अशा नजरेनं. “पेपरात ह्यास्नी आदी म्हंत्यात. मोठ्या मोठ्या लोकांची नावं लिवून झाली की मग ह्यांचं. कायम शेवटाला. मी म्हनलं, शेवटाला का? तर म्हनले, वजनाचा आकडा शेवटालाच लिवत्यात.”

मी तोंड उघडलं. खोटं मला सहन होत नाही, आणि इथं तर एक भोळी बाई फसत होती. तेवढ्यात दारात आप्पा दिसले. ज्या माणसानं एकदा आमदाराच्या गाडीपुढं उभं राहून त्याला काटा समजावून सांगितला होता, त्यानं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले.

मी शिडी घेतली आणि बाहेर आलो. आप्पा मागोमाग आले आणि शिडीचं दुसरं टोक धरल्यासारखं करत हळू आवाजात बोलायला लागले.

“ती नुकती वाचाया लागली हुती. रोज पेपर घिऊन बसायची. एक दिवस मला म्हनली, आवं, ह्यो आदी कोन हाय? सगळ्या सबांना असतो. लय मोठा माणूस दिसतोय. मला हसू आलं. गमतीनं बोलून गेलो, आदी म्हंजी मीच की. मला वाटलं, ती बी हसंल. तिला खरंच वाटलं रं. पाण्याला गेली तर बायकांत सांगून आली.”

“मग सांगायचं दुसऱ्या दिवशी.”

“सांगणार हुतो. तर दुसऱ्या दिवशी पेपरात कराडच्या कार्यक्रमाला आदी आन् रहिमतपूरच्या बी कार्यक्रमाला आदी. ती इचारती, काल तर तुमी घरात कौलं शाकारत हुता, दोनीकडं कवा जाऊन आला?” आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. “काट्यावर असताना कुणाचं किलोभर बी इकडंतिकडं केलं न्हाई शिवा. आन् बायकोला खोटं वजन दिलं. तवापासनं हिंडतोय. जिथं आदी छापून येणार तिथं आपून असावं. म्हंजी ते खोटं ऱ्हात न्हाई.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेपरवाले कुणाच्या बाजूचे, याच्याशी आप्पांना एवढं काय देणंघेणं होतं ते कळलं. वरच्या पेपरानं खालच्यांची सभा छाटली की साहेबांचं काही बिघडत नव्हतं. साहेब दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात यायचे. इथं एक बाई बोट फिरवत शेवटाला जायची, आदी सापडायचा नाही, आणि नवऱ्याला म्हणायची, “काल गेलाच न्हाईत व्हय? मग कुठं हुता?” उन्हातून जाऊन आलेल्या माणसाला याचं उत्तर देता येत नव्हतं.

यंदा दिवाळीच्या आधी काकीला ताप आला आणि छातीत कफ झाला. सांगलीच्या दवाखान्यात ठेवली. आप्पा तिच्या खाटेजवळचं स्टूल सोडत नव्हते. त्या दिवसांत इकडं निवडणुकीची धामधूम, माझे मंडप रोज एका गावात. एका सकाळी आप्पांनीच तिच्यासाठी पेपर आणला. तिनं उशीला टेकून बोट फिरवलं, दमत दमत शेवटाला गेली, आणि तिथं होतं, आदी उपस्थित होते. तिनं स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. पुन्हा पेपराकडं बघितलं.

“काल तर तुमी दिसभर हितं हुता.”

आप्पांनी तिची उशी सरळ केली.

“बदली माणूस ठिवला व्हय?” काकी म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसली.

हे मला आप्पांनीच सांगितलं. दोन दिवसांनी काकी गेली. स्मशानातून परत येताना टेम्पोत माझ्या शेजारी बसून त्यांनी मला विचारलं, “तिला कळलं आसंल का रं? का आधीपासनंच ठावं हुतं?” मी त्या दिवशी गिअर बदलत राहिलो.

आता मूळ मुद्दा.

निवडणूक तोंडावर, तेव्हा दोन्ही साहेब सांत्वनाला येणार हे उघड होतं. वरचे सकाळी आले, खालचे संध्याकाळी. दारात ताडपत्री माझी, खुर्च्या माझ्या, त्या मी न सांगता टाकल्या होत्या. दोघांबरोबर आपापली मालगाडी, आणि दोन्ही वेळा कोपऱ्यात वही घेऊन विलास. वरचे साहेब यायच्या आधी आप्पांनी मला बाजूला घेतलं. तोपर्यंत आदी सोडून त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं.

“शिवा, तुझं विलासशी बरं हाय. त्याला येवढं सांग. माझं नाव नको. तिचं घाल म्हनावं. हौसाबाई भगवान शेडगे. आन् जागा उरली तर, तिला वाचता येत हुतं, तेवढं घाल म्हनावं.”

मी विलासला गाठलं. त्याच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात होता आणि माझ्या महाराजा सोफ्यासाठी तो कधीपासून मागं लागला होता. सोनेरी पायांचा, लाल मखमलीचा, वाघाच्या तोंडाचे हात असलेला. तो सोफा मी आमदाराच्या पुतण्यालाही सवलतीत दिलेला नाही. मी म्हटलं, सोफा माझ्याकडून, कमानही माझ्याकडून. बदल्यात दोन्ही पेपरांत एक नाव. विलासनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, “शिवाजीराव, शब्द.”

सोफा गेला. कमान गेली. पेपर आले.

त्या सकाळी बंडूच्या हॉटेलात आप्पा आले, कडेला बसले, दोन्ही पेपर मांडीवर घेतले आणि नेहमीसारखे मोठ्यानं वाचायला लागले.

“वरचा पेपर. ‘साहेबांचे कट्टर निष्ठावंत भगवान शेडगे यांच्या पत्नीचे नुकतेच निधन झाले. साहेबांनी शोकाकुल कुटुंबाची भेट घेऊन सांत्वन केले.’ खालचा पेपर. ‘साहेबांचे जुने, विश्वासू सहकारी भगवान शेडगे यांच्या पत्नीचे नुकतेच निधन झाले.’”

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचं नाव छापून आलं होतं. तेही दोन्हीकडं, दोन्हीकडं ठळक अक्षरांत. दोन्ही साहेबांनी त्यांना आपला करून टाकलं होतं, आणि ज्या बाईनं हे नाव अक्षर-अक्षर जुळवत वाचलं असतं आणि गल्लीभर मिरवलं असतं, ती कुठंच नव्हती. यांच्या पत्नी. बस्स. त्याखाली सांत्वनाला आलेल्यांची मालगाडी मात्र पुरी होती. सभापती, उपसभापती, आणि तो जाडाही. त्याचं नाव सगळ्या आद्याक्षरांसह.

“‘कट्टर’, पाचट,” आप्पा म्हणाले. “‘विश्वासू’, पाचट. ‘शोकाकुल’…” तिथं ते जरा थांबले. “हे ऱ्हाऊ द्या. हे बरोबर हाय.”

मी म्हटलं, “आप्पा, चला. त्या विलासला घरातनं ओढून आणतो. तिचं नाव घालायचा शब्द दिला हुता त्यानं मला.”

आप्पांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट मालगाडीवरून हळूहळू पुढं सरकत होतं, काकीसारखंच, एकेक डबा मागं टाकत. शेवटाला येऊन थांबलं. मग दुसऱ्या पेपरात शेवटाला गेलं आणि थांबलं.

“ही हाय की,” ते म्हणाले. “इतकी वर्सं मी हुतो तिथं. आता ती हाय. बग, दोनीकडं हाय.”

बंडूनं टेबल पुसायचं फडकं तोंडाला लावलं. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

विलासराव, तुम्ही मला फोनवर सांगितलंत, डेस्कवर छाटलं गेलं, जागा नव्हती. मग ‘कट्टर’ला जागा कुठून आली? ‘विश्वासू’ला कुठून आली? सोफा मी मागत नाही. तुमच्या मुलीच्या फोटोत तो चांगला दिसतोय, दिसू दे. वरचे साहेब, खालचे साहेब यांच्यात तुम्ही कुणाचा काटा मारता, त्याचंही मला काही नाही. ते दोघं एकमेकांचं बघून घ्यायला समर्थ आहेत. पण एक म्हातारा रोज सकाळी दोन्ही पेपर घेऊन बसतो, आता एक ओळही मोठ्यानं वाचत नाही, सरळ शेवटाला जातो. तुम्ही त्याच्या दारात या. खुर्ची मी टाकतो, भाडं घेत नाही. तो पेपर हातात घ्या, आणि हौसाबाई भगवान शेडगे कुठं आहे ते त्याच्यासमोर बोट ठेवून दाखवा.